अहवाल कुठे आहे?

कारखान्यात स्फोट झाला की तासाभरात त्याचे कारणही ठरून जाते. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा बातम्यांत आणि नेत्यांच्या पहिल्या निवेदनांत 'बॉयलर फुटला' असेच म्हटले होते. पुढे स्पष्ट झाले की फुटला तो रिअॅक्टर. ३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथे सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट होऊन पन्नासहून अधिक माणसे गेली. तिथे पहिल्या दिवशी 'रिअॅक्टर फुटला' असे सांगितले गेले आणि दोन-तीन दिवसांत कंपनीनेच रिअॅक्टर फुटला नसल्याचा खुलासा केला. दोन्ही ठिकाणी ढिगाऱ्याखाली माणसे होती, नातेवाईक रुग्णालयांच्या दारांत उभे होते, मृतांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. कारण मात्र सगळ्यांच्या तोंडी तयार होते, आणि ते चुकीचे होते.

हा नुसता तपशिलातला फरक नाही. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ असते आणि त्याची तपासणी बाष्पके संचालनालय करते. रिअॅक्टरमध्ये रासायनिक क्रिया चालते आणि तिथल्या सुरक्षिततेवर देखरेख करण्याचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे आहे. दारूगोळा आणि स्फोटके असतील तर परवाना 'पेसो' ही केंद्र सरकारची संस्था देते, जिचे मुख्यालय नागपुरात आहे. पहिला अंदाज चुकला की जाब भलत्याच कार्यालयाला विचारला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोन दिवसांनी खरी गोष्ट कळते, तोवर कॅमेरे निघून गेलेले असतात आणि जबाब द्यायला हवा होता ते कार्यालय निवांत झालेले असते.

गेल्या काही वर्षांची यादी अस्वस्थ करणारी आहे. डोंबिवलीत प्रोबेस एंटरप्रायझेस, २६ मे २०१६. तारापूरची एमआयडीसी, ११ जानेवारी २०२०. लोट्याला घरडा केमिकल्स, २० मार्च २०२१. महाडला ब्लू जेट हेल्थकेअर, ३ नोव्हेंबर २०२३. बाजारगावला सोलर इंडस्ट्रीज, १७ डिसेंबर २०२३. तिथे नऊ जण गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. पुढच्या जूनमध्ये नागपूरजवळच धामण्याचा स्फोटकांचा कारखाना. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याची आयुध निर्माणी, आठ मृत्यू. इतके स्फोट मागोमाग झाले की माणसाचे मन त्यांना एका धाग्यात ओवू पाहते. ते स्वाभाविक आहे. कुणाला उष्णतेची लाट दिसते, कुणाला घातपात दिसतो, कारखानदाराला कामगाराची चूक दिसते. हे तिन्ही तर्क तपासून पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांच्यावर विसंबून आपण काय करतो आणि काय टाळतो हे ठरते.

आधी उन्हाळा. डोंबिवलीचे दोन्ही मोठे स्फोट मेच्या चौथ्या आठवड्यातले, त्यामुळे हा तर्क डोंबिवलीकरांना पटतो. त्यात तथ्याचा अंश आहे. मे महिन्यात कूलिंग टॉवरचे पाणीच गरम असते, द्रावकांची वाफ जास्त निघते, काही पेरॉक्साइडे थंड जागी ठेवली नाहीत तर आपोआप विघटन पावू लागतात. पण यादीतल्या तारखा पुन्हा वाचा. महाडचा स्फोट नोव्हेंबरातला, बाजारगावचा डिसेंबरातला, तारापूर आणि भंडाऱ्याचे जानेवारीतले. उन्हाळा हे मूळ कारण असते तर थंडीत झालेल्या या स्फोटांचे काय करायचे? आणि कोकणात मे महिना दरवर्षी येतो. तो गृहीत धरूनच शीतकरणाची क्षमता ठरवायची असते. दोन-चार अंशांच्या वाढीने कारखाना उडत असेल तर तो आधीपासूनच काठावर चालत होता, एवढेच सिद्ध होते.

दुसरा तर्क घातपाताचा. संरक्षण खात्याशी संबंध असलेला कारखाना असेल तर ही कुजबुज हमखास सुरू होते. मुंबईला तिचा जुना अनुभव आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली आणि दुपारी चार वाजून गेल्यावर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे ठार झाली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. जपान्यांनी हल्ला केला, अशी अफवा शहरभर पसरली. युद्धकाळातील सेन्सॉरशिपमुळे इथल्या वार्ताहरांना तपशील बाहेर पाठवता येत नव्हता. मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडल्यावर ती परवानगी मिळाली. त्याआधी, स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी, जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने स्फोटाचा सविस्तर वृत्तान्त जगाला ऐकवला होता. सरकार गप्प राहिले म्हणून शत्रूचा रेडिओ ऐकायची पाळी आली.

त्या जहाजात काय होते? सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच्या सोबतीला कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या. पेट घेणारा कापूस आणि उडणारी दारू एकाच जहाजात, जवळजवळ. स्फोटके वाहून नेणाऱ्या जहाजावर लावायचा लाल बावटा लावलेला नव्हता. धूर दिसल्यावरही बंब लगेच बोलावला गेला नाही. आग हाताबाहेर जात असताना जहाज बुडवायचे की ओढून बंदराबाहेर न्यायचे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत झाले नाही आणि त्यात मोलाचा वेळ गेला. पहिली ठिणगी कुणाच्या विडी-सिगारेटची असो की आणखी कशाची, कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवणाऱ्या निर्णयाला ती कुठूनही मिळालीच असती. तो निर्णय शत्रूने घेतला नव्हता.

भोपाळमध्येही हेच झाले. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि मिथाइल आयसोसायनेट उसळून बाहेर पडले. एका नाराज कामगाराने मुद्दाम पाण्याची नळी जोडली, असा सिद्धान्त युनियन कार्बाइडने वर्षानुवर्षे मांडला. वादापुरता तो खरा मानू. मग टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद का होती? बाहेर पडलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेलाच का नव्हता? वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर त्या रात्री कामाला का आला नाही? इतका मोठा साठा दाट वस्तीच्या शेजारी का केला होता? घातपाताचा सिद्धान्त यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो फक्त आपल्याला ते प्रश्न विचारू देत नाही.

अमेरिकेत टेक्सासमधील वेस्ट या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खतांच्या गोदामाला आग लागून अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि १५ जण मृत्युमुखी पडले. तीन वर्षांनी तिथल्या एका केंद्रीय तपास यंत्रणेने आग मुद्दाम लावली गेल्याचे जाहीर केले. आरोपी सापडला नाही. पण त्याआधीच तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाचा अहवाल येऊन गेला होता आणि आग कशी लागली हे निश्चित न करताही त्याने मुद्द्याची गोष्ट सांगितली होती. खत लाकडी कप्प्यांत साठवलेले होते, आग विझवणारी फवारे यंत्रणा नव्हती, आणि गोदामाभोवती शाळा, घरे, वृद्धाश्रम उभे राहिले होते. काडी कुणी ओढली हा पोलिसांचा प्रश्न आहे. एका काडीने गाव का उडाले, हा सगळ्यांचा प्रश्न आहे.

तिसरा तर्क सर्वांत सोयीचा आणि म्हणून सर्वांत घातक. 'मानवी चूक.' हे दोन शब्द लिहिले की फाइल बंद होते. बहुतेक वेळा ज्याच्यावर खापर फोडायचे तो ऑपरेटर मेलेलाच असतो, त्याची बाजू मांडायला कुणी नसते. या शब्दांमागे काय दडते, ते एका साध्या उदाहरणाने सांगता येईल.

रासायनिक कारखान्यातला रिअॅक्टर म्हणजे एक मोठे बंद भांडे. आत ढवळणारा स्टरर, बाहेरून थंड पाणी किंवा ब्राइन फिरवणारे जॅकेट. क्रिया उष्णता देणारी असेल तर दुसरे रसायन हळूहळू, धारेने सोडतात. जेवढे पडते तेवढे लगेच संपते आणि निघालेली उष्णता जॅकेट ओढून घेते. आता पहाटे तीनच्या सुमारास वीज जाते. स्टरर थांबतो. वरच्या टाकीतून येणारी धार मात्र गुरुत्वाने चालूच राहते. ढवळणे बंद असल्याने ते रसायन न मिसळता वर साचत जाते, क्रिया होत नाही, तापमापकावर काटाही हलत नाही. सगळे ठीक दिसते. दहा-पंधरा मिनिटांनी वीज येते, ऑपरेटर शिकवल्याप्रमाणे स्टररचे बटण दाबतो, आणि साचलेले सगळे रसायन एका क्षणात मिसळते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. जॅकेटची थंड करण्याची ताकद त्या वेगाने वाढत नाही. मग उष्णता क्रिया वाढवते आणि क्रिया उष्णता वाढवते. दाब सोडून देणारी रप्चर डिस्क आणि तिच्यामागची नळी पुरेशा मापाची नसेल तर भांडे फुटते.

इथे चूक कुणाची? बटण दाबणाऱ्याची, असे पंचनाम्यात लिहिता येईल. पण स्टरर थांबताच धार आपोआप बंद करणारा इंटरलॉक का बसवला नव्हता? बसवला असेल तर उत्पादन अडते म्हणून तो कुणाच्या सांगण्यावरून बायपास केला होता? वीज आल्यावर काय करायचे नाही, हे ऑपरेटरला त्याच्या भाषेत कुणी सांगितले होते का? ही क्रिया हाताबाहेर गेली तर किती उष्णता निघेल, याची प्रयोगशाळेत चाचणी कधी झाली होती का? तो ठेकेदाराचा माणूस होता की कायम कामगार, आणि त्या रात्री त्याची सलग दुसरी शिफ्ट चालू होती का? ऑपरेटरचा हात बटणावर पडण्याआधी किती जणांनी सह्या केलेल्या असतात! माणूस चुकणार हे ठाऊक असूनही त्याच्या चुकीला आडवे येणारे काहीच ठेवलेले नसणे, ही चूक कायम वरच्या मजल्यावर होते.

मग या स्फोटांमध्ये समान धागा काहीच नाही का? आधी हे मान्य करायला हवे की अपघात समान अंतराने होत नाहीत. हजारो कारखान्यांच्या राज्यात काही महिने शांततेत जातील आणि मग एका पंधरवड्यात तीन घटना घडतील, यात अद्भुत काही नाही. शिवाय एक मोठा स्फोट झाला की एरवी आतल्या पानावर जाणाऱ्या लहान आगीही पहिल्या पानावर येतात. २०२२ साली अमेरिकेत अन्नप्रक्रिया कारखान्यांच्या आगींवरून कटाची अशीच आवई उठली होती. आगींचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या संस्थेला त्या संख्येत काही वावगे आढळले नव्हते.

तरीही कधी कधी धागा खरा असतो. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीनची गळती झाली आणि १२ जण गेले. त्याच सुमारास नेय्वेलीत बॉयलरचा स्फोट झाला, छत्तीसगडच्या रायगढमध्ये कागद कारखान्याची टाकी साफ करताना कामगार वायूने बाधित झाले. टाळेबंदीत पडून राहिलेले साठे आणि बंद पडलेली यंत्रे पुन्हा सुरू करताना धोका असतो, हे लक्षात घेऊन राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दोनच दिवसांत कारखाने सुरू करण्याविषयी सूचना काढल्या. विशाखापट्टणमच्या चौकशी समितीचा अहवाल दोन महिन्यांत आला आणि आंध्र सरकारने तो खुला केला. त्यामुळे आज आपण खात्रीने सांगू शकतो की त्या टाकीत तापमान फक्त तळाशी मोजले जात होते, वर किती तापले आहे हे कुणाला कळत नव्हते. रसायनाचे बहुलीकरण रोखणारे द्रव्य पुरेसे नव्हते. आणि आवारात ३६ ठिकाणी भोंग्याची सोय असूनही त्या पहाटे भोंगा वाजला नाही. हे तपशील देशातल्या स्टायरीनच्या प्रत्येक टाकीशी ताडून पाहता येतात. अहवालाचा उपयोग हा असतो.

आता डोंबिवली पाहा. प्रोबेसच्या स्फोटात १२ माणसे गेली, दीडशेहून अधिक जखमी झाली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटून घराघरांत रक्त सांडले. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल लोकांच्या हाती आपणहून दिला गेला नाही. माहितीच्या अधिकारात पाठपुरावा करून तो मिळवावा लागला. पुढे आठ वर्षांनी, त्याच एमआयडीसीत, पुन्हा मे महिन्यात, अमुदान उडाली. पहिल्या अहवालातला कुठला धडा शेजारच्या कारखान्यांपर्यंत पोहोचला होता, हे विचारण्याचा हक्क डोंबिवलीकरांना आहे. प्रत्येक स्फोटानंतर मंत्री येतात, मदत जाहीर होते, धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा होते आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. अहवाल कपाटात आणि अफवा मोबाइलवर, अशी स्थिती असेल तर लोक तर्क लढवतात म्हणून त्यांना दोष देता येणार नाही.

याच देशात याहून बरी व्यवस्था आहे. रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, कारण ज्याचा अपघात त्यानेच चौकशी करू नये हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी विमान कोसळले आणि बरोबर महिनाभरात विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल लोकांसमोर आला. त्यावर वाद झाले, पण वाद घालायला सगळ्यांच्या हाती तोच कागद होता. रासायनिक कारखान्यांसाठी अशी एकही स्वतंत्र यंत्रणा नाही. परवाना देणारे, तपासणी करणारे आणि अपघातानंतर चौकशी करणारे खाते जवळजवळ एकच. त्या खात्यातही निरीक्षकांच्या जागा रिकाम्या आणि बराचसा भार कारखानदाराच्या स्वयंप्रमाणनावर टाकलेला. स्वतःच्या खात्याने न केलेल्या तपासणीबद्दल कोणता अधिकारी अहवालात स्पष्ट लिहील?

अमेरिकेतले रासायनिक सुरक्षा मंडळ दंड करत नाही, परवाने रद्द करत नाही. ते फक्त कारण शोधते आणि छापते. २००८ साली जॉर्जियात इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार गेले. तुळयांवर, पाइपांवर, जमिनीवर साचलेली बारीक साखर पहिल्या लहान स्फोटाने हवेत उडाली आणि पुढच्या स्फोटांनी इमारत पाडली, हे मंडळाने चित्रांसह, चित्रफितीसह जगाला दाखवले. सिगाचीत तयार होणारी सेल्युलोजची भुकटीही अशीच, हाताला निरुपद्रवी वाटणारी आणि हवेत पसरली की पेटणारी. असे दाखले आपल्या कामगारांना त्यांच्या भाषेत कोण दाखवतो?

कायदा नाही असेही नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-अ पासूनची कलमे आली. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे कारखान्यावर बंधनकारक झाले. सुरक्षिततेच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग आला. जिवाला धोका दिसला तर तो निदर्शनास आणण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात लिहिला गेला. पण ठेकेदाराच्या रोजावर असलेला, परराज्यातून आलेला, उद्या काम राहील की नाही हे माहीत नसलेला माणूस तो हक्क कशाच्या जोरावर वापरील? ज्याला सगळ्यात आधी वास येतो, गळती दिसते, भांडे तापल्याचे जाणवते, त्याचे तोंड आपण आधीच बंद करून ठेवले आहे.

म्हणून मागण्या थोड्या आणि स्पष्ट हव्यात. परवाना देणाऱ्या खात्यांपासून वेगळे, कायद्याने स्थापन झालेले औद्योगिक अपघात तपास मंडळ हवे. प्रत्येक मोठ्या स्फोटाचा प्राथमिक अहवाल महिन्यात आणि अंतिम अहवाल वर्षात जाहीर व्हायला हवा, मराठीत, संकेतस्थळावर, त्या एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्याच्या सूचना फलकावर. थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद व्हायला हवी आणि ती करणाऱ्या कामगाराला संरक्षण हवे. आणि डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे, बाजारगाव, धामणा यांच्या चौकशीतून जे निष्पन्न झाले ते राज्य सरकारने आज एकत्र करून खुले करावे. भंडाऱ्याची निर्माणी संरक्षण खात्याची. गोपनीयतेला धक्का न लावताही केंद्राला तिथल्या आठ मृत्यूंचे कारण सांगता येईल.

नव्या कायद्यावर विधिमंडळात चर्चा व्हायला वेळ लागेल, हे मान्य. जुने अहवाल उघडायला कुठला कायदा लागत नाही, एक सही लागते. पुढचा स्फोट होईल तेव्हा पत्रकारांनी, आमदारांनी, युनियनवाल्यांनी आणि शेजारच्या सोसायट्यांनी 'कारण काय असेल?' यावर तर्क करण्याआधी मागच्या स्फोटाचा अहवाल मागावा. तो मिळेपर्यंत मागत राहावा.